पंपाला लागलेली उचकी : काच धुण्याच्या पोलचं पाणी आवरताना

मालवण तालुक्याच्या किनारपट्टीवर पोलने काचा धुण्याचा धंदा करणाऱ्या दोन भावांची ही गोष्ट. गावाचं आणि गिऱ्हाइकांचं नाव मुद्दाम देत नाही. मी पंप-मोटर दुरुस्तीचं काम करतो. आमच्याकडे हापूसच्या बागांत फवारणीला वापरतात ते बॅटरीवरचे पंप हा माझा मुख्य धंदा. काचा धुण्याशी माझा तोवर काही संबंध नव्हता, पण या प्रकरणात फवारणीचा धंदाच कामाला आला. कसा, ते पुढे येईल.

पार्श्वभूमी

सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला. पुढच्या पंचवीसेक वर्षांत किनाऱ्यावर लॉज आणि रिसॉर्ट उभे राहिले, आणि त्यांच्यासोबत समुद्राकडे तोंड केलेल्या मोठाल्या काचाही आल्या. समुद्र दिसावा म्हणून लावलेली काच चार दिवसांत समुद्रामुळेच आंधळी होते. वाऱ्यावर येणारा खार बसतो, त्यावर धूळ चिकटते, पावसाळ्यात फ्रेमच्या कडांना शेवाळ धरतं. ऑक्टोबरात पर्यटक यायला लागायच्या आधी सगळ्यांना काचा एकदमच स्वच्छ हव्या असतात.

थोरला मुंबईत सफाईच्या कंपनीत सात वर्षं होता. तिथे तो पोलची पद्धत शिकला. लांब हलका पोल, टोकाला ब्रश, ब्रशमध्ये दोन जेट, आणि पोलच्या आतून जाणारी बारीक नळी. पाणी साधं चालत नाही. आधी आरओमधून आणि मग उरलेले क्षार ओढून घेणाऱ्या रेझिनच्या नळकांड्यातून काढलेलं, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) शून्याच्या जवळचं पाणी लागतं. अशा पाण्यात विरघळलेलं काही उरत नाही, म्हणून ते काचेवर तसंच वाळलं तरी डाग पडत नाही. फडका नको, शिडी नको, परांची नको. माणूस जमिनीवर उभा राहून तिसऱ्या मजल्याची काच धुतो.

गावी परत येऊन त्याने धाकट्याला हाताशी घेतलं आणि छोट्या हत्तीवर, म्हणजे छोट्या टेम्पोवर, 500 लिटरची टाकी चढवली. 12 व्होल्टचा डायफ्रॅम पंप, 100 एएचची ट्युब्युलर बॅटरी, रीळवर गुंडाळलेली 100 मीटर नळी आणि दहा मीटरपर्यंत लांब होणारा पोल घेतला. नळी आतून 6 मिलिमीटरची. पंपावर लिहिलेलं होतं : मिनिटाला 5 लिटर, 100 पीएसआयला (पीएसआय हे दाबाचं माप) कट. म्हणजे पुढून पाणी अडलं आणि दाब 100 वर गेला की पंपाच्या डोक्यावरचा प्रेशर स्विच मोटर बंद करतो. दाब उतरला की परत चालू करतो.

रात्री विहिरीच्या पाण्यावर आरओ लावून टाकी भरायची आणि सकाळी निघायचं, असा बेत. विहिरीचं पाणी तेव्हा 240 टीडीएसचं होतं. प्यायच्या पाण्याला भारतीय मानकात 500 ची मर्यादा आहे, म्हणजे पाणी चांगलंच. पण आरओमध्ये एक बादली मिळवायला दोन-तीन बादल्या बाहेर सोडाव्या लागतात. ते पाणी आईने पोफळींना आणि माडांना लावून दिलं, तरीही तिचा एक टोमणा रोजचा ठरलेला : "न्हाणीतला पाणी पण तुमच्या काचांकच घाला आता!"

अडचण

ऑक्टोबरच्या शेवटी थोरला माझ्याकडे आला तो हातात दोन जळके प्रेशर स्विच घेऊन. सहा आठवड्यांत दोन गेले होते.

"काका, पंपाक उचकी लागली हा. टक-टक-टक करता आणि मगे तापता."

मी विचारलं, सारखी लागते की कधी कधी? तर म्हणाला, कॉक थोडा दाबला की. पोलच्या बुडाशी त्यांनी छोटा कॉक बसवला होता. खालच्या मजल्यावर काम करताना पाणी जास्त पडतं, वाया जातं, म्हणून धाकटा कॉक अर्धा दाबायचा. दाबला की पंप उचक्या द्यायला लागायचा. ब्रशमधून पाणी धारेने न येता गचके खात यायचं. एक हात फिरवला तर पाणी आहे, दुसऱ्या हाताला नाही.

त्यातून तीन दुखणी निघाली होती. स्विच जळत होते. दुपारी एकच्या सुमाराला टाकी रिकामी होत होती, आणि एका रिसॉर्टच्या मॅनेजरबाईंनी काचेवर उभे ओघळ दिसतात म्हणून पैसे अडकवले होते.

ओघळांचं खापर थोरल्याने पाण्याच्या शुद्धतेवर फोडलं होतं आणि मुदतीआधीच रेझिन बदललं होतं. ते पैसे पाण्यात. मी टीडीएस मीटर बुडवून पाहिलं तर 1 दाखवत होतं. पाणी चोख होतं. फक्त काचेच्या वरच्या रबरातून सुटणारी घाण वाहून न्यायला ते सलग पडत नव्हतं. डाग खाराचा असेल तर टिपका दिसतो, धुणं अपुरं असेल तर ओघळ. मॅनेजरबाईंनी "ओघळ" हाच शब्द वापरला होता. गिऱ्हाइकाच्या तक्रारीतला शब्द जसाच्या तसा ऐकला असता तर रेझिन वाचलं असतं.

मला भेटायच्या आधी एक उपायही करून झाला होता. पंप जिथून घेतला त्या विक्रेत्याने फोनवर सांगितलं, "नळी बारीक पडतेय, 8 मिलिमीटरची घ्या, आणि जमलं तर मोठा पंप घ्या." पंप परवडला नाही, पण नळी आणली, पूर्ण 100 मीटर. उचकी कमी झाली खरी. पण पाणी मिनिटाला 3 लिटर पडायला लागलं आणि टाकी पावणेतीन तासांत संपली. शिवाय भरलेल्या 6 मिलिमीटरच्या नळीत पावणेतीन-तीन लिटर पाणी असतं, 8 च्या नळीत पाच. तेवढं ओझं वाळूतून आणि कुंड्यांमधून दिवसभर ओढायचं. धाकट्याने दुसऱ्याच दिवशी ती नळी रीळवरून उतरवली.

आधी मोजलं

मी काहीही उघडायच्या आधी बादली मागितली. रंगाची 20 लिटरची बादली, तिच्यावर आईच्या तेलाच्या डब्याने लिटर मोजून खुणा केल्या, आणि मोबाइलचं घड्याळ लावलं. आजवर या दोघांनी ब्रशमधून मिनिटाला किती पाणी पडतं ते एकदाही मोजलं नव्हतं. पंपावर 5 लिटर छापलंय म्हणजे 5 लिटर पडतं, एवढंच डोक्यात.

पंपाच्या तोंडाशी नळी काढून धरलं तर 4.7 लिटर. सगळी नळी जोडून, ब्रश जमिनीवर ठेवून, कॉक पूर्ण उघडा : 2.4 लिटर. मग धाकटा बादली घेऊन गच्चीवर गेला आणि खालून थोरल्याने पोल वर नेऊन ब्रश त्याच्या बादलीत टेकवला. तिथे 2.2. दहा मीटर उंचीला साधारण 14 पीएसआय दाब लागतो. लोकांना वाटतं सगळी ताकद उंची खाते, पण इथे उंचीने फक्त 0.2 लिटर खाल्लं होतं. बाकी सगळं 100 मीटर नळीचं घर्षण.

मग पंपाच्या तोंडाशी टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावून दाबाचं मीटर बसवलं, आणि तिथे उचकीचं कारण डोळ्यांना दिसलं. कॉक पूर्ण उघडा असतानाच काटा 90 वर उभा. स्विच तुटतो 100 ला. म्हणजे पंप मुळातच कड्याच्या टोकावर उभा राहून काम करत होता. कॉक जरासा दाबला की काटा 100 ला टेकायचा, टक, मोटर बंद. ब्रशमधून पाणी जातच असल्यामुळे दाब उतरून 70 च्या आसपास आला की परत टक, मोटर चालू. मिनिटाला तीस-चाळीस वेळा. दर वेळी मोटर सुरू होताना जास्त करंट खेचते आणि स्विचच्या टाचणीएवढ्या टोकांवर ठिणगी पडते. सहा आठवड्यांत दोन जळले यात नवल काय? इतके टिकले कसे याचं मला जास्त नवल वाटलं.

मी धाकट्याला म्हटलं, तू पाणी कमी करत नव्हतास. तू पाण्याच्या तोंडावर हात ठेवत होतास आणि मागून पंप तेवढ्याच जोराने ढकलत होता.

आणखी एक मोजलं, व्होल्टेज. पंप चालू असताना बॅटरीच्या टोकांना 12.4 आणि पंपाच्या टोकांना 11.1. मध्ये चार मीटरची एक चौरस मिलिमीटरची वायर, घरातल्या दिव्याला वापरतात ती. बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी चढलेली. समुद्राच्या हवेत हे दर महिन्याला होतं.

पर्याय

आम्ही पंपाशेजारी टाकीच्या सावलीत बसून बोललो. थोरल्याचा कल मोठ्या पंपाकडेच होता. मुंबईत त्याने मोठे पंप पाहिले होते. पण मुंबईत एका गाडीवर दोन-दोन पोल चालतात. इथे पोल एक आणि पाणी मोजकं. मोठा पंप त्याच नळीवर लावला तर कड्यावरून थेट खालीच. तो बाद केला.

जेट बारीक करायचे का? दोन मिलिमीटरचे जेट काढून दीडचे लावले तर पाणी कमी होईल, पण तोही दाबलेला कॉकच, फक्त वरच्या टोकाला. उचकी तशीच राहील. बाद.

दाबाची छोटी टाकी, म्हणजे आत हवेचा फुगा असलेली, पंपापुढे लावली तर गचके मऊ होतात. मोटर कमी वेळा चालू-बंद होते. पण पाण्याचं प्रमाण बदलत नाही. हे औषध ठणक्यावरचं. आजार तसाच राहिला असता.

बायपास हा पर्याय मला मनातून आवडतो. पंपाच्या पुढे टी, टीमधून एक नळी परत टाकीत, आणि त्या नळीवर कॉक. पंप पूर्ण वेगाने पळतो, नको असलेलं पाणी टाकीत परत जातं, दाब चढतच नाही. दोन क्लॅम्प आणि एक कॉक एवढ्यात काम होतं, आणि बिघडण्यासारखं त्यात काही नाही. खोट अशी की पोलचा कॉक पूर्ण बंद केला तरी पंप थांबत नाही, पाणी गोल फिरवत राहतो. बॅटरी तेवढीच जाते. माणूस चहाला गेला तर पंप फिरतोच आहे.

राहिला वेग कमी करायचा पर्याय, आणि इथे माझा फवारणीचा धंदा उपयोगी पडला. आंब्याच्या मोहरावर मारायच्या बॅटरी पंपाच्या बाजूला एक बटण असतं, बागायतदार त्याला रेग्युलेटर म्हणतात. खालच्या फांदीला मंद, शेंड्याला जोरात. आत पंप हाच, 12 व्होल्टचा डायफ्रॅम. रेग्युलेटर मोटरचा पुरवठा सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. चालू किती आणि बंद किती, या प्रमाणावर मोटरचा वेग ठरतो. परदेशात काचवाल्यांसाठी याचेच तयार कंट्रोलर मिळतात. त्यात आकडे दिसतात, बॅटरी उतरली की पंप थांबतो, आणि पुढून कॉक बंद झालेला करंटवरून ओळखतो. त्याला नळी किंवा जेट बदलले की नव्याने जुळवून घ्यावं लागतं. नाहीतर कॉक उघडा असतानाच तो बंद समजून पंप थांबवतो, किंवा बंद असताना ढकलतच राहून जोडावरून नळी उडवतो. मागवायचा तर तीन आठवडे लागणार होते आणि दिवाळी तोंडावर होती. माझ्या दुकानात 20 अँपिअरचा साधा रेग्युलेटर पडलेला होता. पंपाचा स्वतःचा प्रेशर स्विच जागेवर राहणारच असल्यामुळे कॉक बंद केल्यावर पंप थांबवायचं काम तो करेल. आकडे नकोत, बादली आहे.

काय केलं

पहिल्यांदा वायर बदलली. चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, दाबून बसवलेले लग, बॅटरीजवळ 10 अँपिअरचा फ्यूज, टर्मिनल घासून वर व्हॅसलिन. पंपाशी 12.1 व्होल्ट आले. आणि उचकी वाढली!

थोरला माझ्याकडे बघतच राहिला. "आधी बरा होता मां, काका."

बरोबरच होतं. पंपाला पूर्ण व्होल्टेज मिळाल्यावर तो जास्त जोराने ढकलायला लागला, कॉक उघडा असतानाच काटा 96-97 वर गेला. वायरीत होणारी व्होल्टेजची घट इतके दिवस नकळत रेग्युलेटरचंच काम करत होती. हे मी आधी सांगायला हवं होतं. गिऱ्हाइकाला "आता आणखी बिघडेल, घाबरू नको" असं आधी म्हटलं तर ते दुरुस्ती असते, नंतर म्हटलं तर सबब.

त्याच संध्याकाळी बायपास टाकून दिला, म्हणजे दिवाळीची कामं अडणार नाहीत. आठवडाभर तो उत्तम चालला.

दुसरी गोष्ट फुकटात झाली. मी विचारलं, सगळ्यात लांबची काच गाडीपासून किती? दोघांनी आठवून आठवून सांगितलं, पन्नास-पंचावन्न मीटर. मग 100 मीटर नळी कशाला? रीळ तसंच येतं म्हणून. पाणी मात्र रोज त्या न लागणाऱ्या चाळीस मीटरमधून, रीळवर गोल गोल फिरून जात होतं. नळी 60 वर कापली, दोन्ही टोकांना झटपट जोडणारे कपलर लावले, उरलेली 40 वेगळी गुंडाळून ठेवली. लागेल तेव्हा जोडायची. कापताना थोरल्याचा हात थरथरत होता. नवी नळी कापायची म्हणजे जिवावर येतं.

मग रेग्युलेटर बसवला आणि बायपासचा कॉक बंद केला. 60 मीटर नळी, पोल दहा मीटर वर, बटण फिरवत फिरवत ब्रशमधून 1.6 लिटर येईल तिथे थांबलो. काटा 42 वर. 100 पासून कितीतरी लांब. कॉक बंद केला : काटा सावकाश चढत 100 वर गेला, एक टक, शांत. कॉक उघडला : पंप चालू, सलग धार. करंट 6.8 अँपिअर होता तो 4 च्या खाली आला.

बटणावर आकडे नव्हते. धाकट्याच्या बायकोची नेलपॉलिश आणून लाल, गुलाबी आणि पांढरा असे तीन ठिपके काढले. प्रत्येक ठिपका बादलीवर मोजून. पांढऱ्याच्या खाली बटण न्यायचं नाही, कारण तिथे मोटरला दाबाविरुद्ध सुरू व्हायला जोर पुरत नाही. ती नुसती गुणगुणते, फिरत नाही आणि तापते. उचकीपेक्षा ते वाईट, कारण तिथे टक-टक ऐकू येत नाही.

इथे परत चुकलं

पाणी वाचतंय हे कळल्यावर थोरल्याला हाव सुटली. त्याने सगळीकडे पांढरा ठिपका, मिनिटाला 1.1 लिटर, लावून टाकला. दोन दिवस टाकी संध्याकाळपर्यंत पुरली आणि तो खूश. तिसऱ्या दिवशी त्याच मॅनेजरबाईंचा फोन.

"अहो, मागच्या वेळी निदान ओघळ मोजता येत होते. आता सगळी काचच दुधाळ दिसतेय."

समुद्राकडची बाजू पावसाळ्यानंतर पहिल्यांदाच धुतली जात होती. अशा काचेवर पाच महिन्यांचा खार आणि शेवाळ बसलेलं असतं. ब्रशने तो थर सुटतो, पण वाहून न्यायला पाणी हवं. त्यात बाजू पश्चिमेची आणि वेळ दुपारी तीनची. काच तापलेली, धुण्याआधीच वाळत होती. इमारतीची ती पूर्ण बाजू फुकट धुवून द्यावी लागली, एक दिवस गेला.

त्या दिवशी मी स्वतः गेलो. एकाच काचेवर तिन्ही ठिपके लावून पाहिले. पहिल्या धुण्याला 1.8 लिटर, म्हणजे लाल. दर महिन्याच्या काचेला गुलाबी, 1.4. पांढरा फक्त तळमजल्याच्या, व्हरांड्याआडच्या काचांना. काच कशी आहे यावरही ठरतं. काही काचांवर पाणी पडद्यासारखं पसरतं, तिथे थोडंही पुरतं; काहींवर थेंब थेंब होऊन तुटतं, तिथे ब्रश काचेला टेकवून वरून खाली सावकाश आणावा लागतो. पश्चिमेची बाजू सकाळी आणि पूर्वेची दुपारी, हा नियमही तेव्हाच ठरला. मुंबईत थोरला तो पाळत होता म्हणे. इथे विसरला होता.

त्याच भेटीत एक गोष्ट दिसली आणि पोटात गोळा आला. मागच्या गल्लीतून विजेच्या उघड्या तारा रिसॉर्टच्या कंपाउंडला लागून जातात आणि धाकटा पूर्ण लांब केलेला पोल उभा धरून त्यांच्याखालून चालला होता. पोल कार्बन फायबरचा. कार्बनमधून वीज वाहते, आणि ओला पोल कसलाही असो, भरवशाचा नाही. पाण्याचं नियंत्रण हा या लेखाचा विषय, तरी हे लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. जागा बदलताना पोल आडवा आणि आखूड करायचा, आणि त्या गल्लीकडच्या चार खिडक्या पोलने धुवायच्याच नाहीत असं ठरलं. मॅनेजरबाईंना सांगितलं तर त्या एका शब्दाने हो म्हणाल्या.

निकाल

नोव्हेंबर ते मे एकही प्रेशर स्विच जळला नाही. सलग सोडलं तर पूर्वी टाकी पावणेचार तासांत संपायची. आता सरासरी दीड लिटरच्या हिशोबाने साडेपाच तास, आणि मध्ये कॉक बंद राहतो ते धरून पूर्ण दिवस. दुपारी घरी येऊन टाकी भरायची फेरी बंद झाली. पाणी कमी लागतं म्हणून रेझिनही जास्त दिवस पुरतं. मॅनेजरबाईंनी अडकवलेले पैसे डिसेंबरात दिले, ओघळांचे थोडे कापून.

सगळं सरळ गेलं असंही नाही. जानेवारीत रेग्युलेटर मेला. मी तो पंपाशेजारी उघडाच स्क्रूने बसवला होता. खाऱ्या हवेने त्याच्या सर्किटवरची तांब्याची रेघ खाल्ली. चूक माझी, दुसरा फुकट दिला. तो आता झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात आहे, उष्णता बाहेर टाकणारी ॲल्युमिनिअमची पट्टी तेवढी डब्याबाहेर. तो मेला त्या दिवशी धाकट्याने मला फोनही केला नाही. बायपासचा कॉक उघडला, वायर थेट जोडली आणि दिवस काढला. बायपास काढून टाकला नव्हता याचं बरं वाटलं.

पुन्हा करायचं झालं तर

पहिला पैसा खर्च व्हायच्या आधी बादली आणि घड्याळ. 8 मिलिमीटरची नळी, नवं रेझिन आणि दोन स्विच हा सगळा खर्च दहा मिनिटांच्या मोजणीने वाचला असता. ती जाड नळी आता पोफळीच्या बागेत आहे, आणि आईच्या मते या धंद्यातून आलेली ती एकच उपयोगी वस्तू.

क्रमही बदलेन. आधी नळी कापेन, मग बायपास, मग वायर, आणि शेवटी रेग्युलेटर. वायर आधी बदलल्याने थोरल्याचा माझ्यावरचा विश्वास एका संध्याकाळपुरता का होईना, डळमळला.

तयार कंट्रोलर घ्यायला हवा होता का, यावर थोरल्याचं आणि माझं अजून जुळत नाही. त्याचं म्हणणं, बॅटरी उतरल्यावर पंप आपोआप थांबला असता तर बरं. मार्चमध्ये एकदा बॅटरी साडेदहा व्होल्टच्या खाली गेलीच, आणि तेव्हापासून ती पूर्वीसारखी धरत नाही. हा मुद्दा त्याचा खरा आहे. माझं म्हणणं, तो बिघडला तर गावात कुणालाही उघडता येणार नाही, आणि व्होल्टेज दाखवणारं छोटं मीटर त्याच्या तुलनेत फुकटात येतं. सध्या मीटर लावलंय. पुढच्या सीझनला बघू.

एप्रिलच्या शेवटी विहिरीचं पाणी खाली गेलं आणि टीडीएस 240 चा 610 वर चढला. किनाऱ्यालगतच्या विहिरींचं उन्हाळ्यात असं होतंच, गोडं पाणी उतरलं की खारं आत सरकतं. आरओमधून बाहेर जाणारं पाणी वाढलं, आणि ते पोफळींना घालायलाही आई तयार होईना. मे महिना त्यांनी दोनच गिऱ्हाइकांवर काढला, तेही रिसॉर्टच्या बोअरचं पाणी घेऊन. मिनिटाला दीड लिटरचा हिशोब हातात होता म्हणून एका इमारतीला किती पाणी लागेल ते आधी सांगता आलं. मॅनेजरबाई तेवढंच मोजून देतात, एक बादली जास्त नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पंप काढून गोड्या पाण्याने धुतला, वाळवला आणि माझ्या दुकानाच्या फळीवर ठेवला आहे. बटणावरचा गुलाबी ठिपका थोडा खरवडला गेलाय. ऑक्टोबरात लावायच्या आधी तो बादलीवर मोजून परत काढावा लागेल. नेलपॉलिशची बाटली धाकट्याच्या बायकोने तेव्हाच परत नेली.